१.४५ व्होल्ट लावा, प्रोसेसर 'जळूच शकत नाही': या फॉरवर्डला उत्तर

माझ्या भाच्याने गेमिंगसाठी कॉम्प्युटर स्वतः जोडला. पार्ट निवडण्यापासून केबली नीट बांधण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं, आणि मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं याचा आनंद मलाही त्याच्याइतकाच झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा एक फॉरवर्ड आला आणि खाली प्रश्न होता, "मावशी, हे आज करून टाकू ना?" मी त्याला कळवलं, "थांब, कशालाही हात लावू नकोस," आणि हे लिहायला घेतलं. हाच मजकूर मी आणखीही ठिकाणी फिरताना पाहिलाय. दर वेळी खाली "एकदम भारी, धन्यवाद" अशा प्रतिक्रिया असतात. तो व्होल्टेजचा आकडा आला कुठून, हे कुणीच विचारत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

मजकूर थोडक्यात असा. कंपन्या प्रोसेसरचा वेग मुद्दाम दाबून ठेवतात. कुठलाही प्रोसेसर फुकटात ४० टक्के वेगवान करता येतो. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधली काम करणारी एककं, एकाच वरच्या वेगावर बांधा, कोअर व्होल्टेज १.४५ वर कायम करा, लोड लाइन कॅलिब्रेशन (भार आल्यावर व्होल्टेज किती खाली बसू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) सर्वांत कडक ठेवा. फार गरम झाला तर प्रोसेसर आपोआप बंद होतो, म्हणजे तो जळूच शकत नाही. रॅमचं एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारं मेमरी प्रोफाइल) चालू करा. पॉवर सप्लाय कुठलाही चालतो, वॉट जुळले की झालं; केबल कमी पडली तर जुन्या सप्लायची लावा. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत प्रोसेसरची संख्या जास्तीत जास्त करा. मग दहा मिनिटं गेम खेळा; बंद पडला नाही तर सेटिंग पक्कं.

यातलं सर्वांत घातक वाक्य 'जळूच शकत नाही' हे आहे, म्हणून आधी तेच घेते.

प्रोसेसरमध्ये तापमानाचं संरक्षण असतं, हे खरं. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५ अंश आहे. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर आधी वेग उतरवतो, आणि तरीही आवरलं नाही तर मशीन बंद करतो. पण ही राखण उष्णतेपुरतीच आहे. व्होल्टेजची झीज वेगळी असते. ट्रान्झिस्टरमधला इन्सुलेशनचा थर काही अणूंच्या जाडीचा असतो आणि जास्त दाबाखाली तो हळूहळू कमजोर होत जातो. आतल्या सूक्ष्म धातूच्या तारांतून जास्त करंट गेला की धातूचे अणू जागचे सरकतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकातच याचं समीकरण मांडलं: करंटची घनता वाढली की तारेचं आयुष्य साधारण तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं, आणि तापमान वाढलं की त्याहूनही झपाट्याने. म्हणजे ७० अंशांवर 'थंड' चालणारा प्रोसेसरही १.४५ व्होल्टवर झिजतच असतो. फक्त ते कुठल्याही तापमानाच्या आकड्यात दिसत नाही.

यावर मला वाद घालायचीही गरज नाही, कारण २०२४ मध्ये हे सगळ्या जगासमोर घडलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले डेस्कटॉप प्रोसेसर गेममध्ये क्रॅश व्हायला लागले. त्यातल्या कित्येकांना कुणी ओव्हरक्लॉक केलेलंही नव्हतं, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर नेलेलं नव्हतं. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की मायक्रोकोडमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या नियंत्रण कोडमधल्या) चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये आलेल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला चाप लावला. सप्टेंबरमध्ये इंटेलने मूळ कारण जाहीर केलं: कोअरमधला क्लॉक पुरवणारा सर्किटचा भाग जास्त व्होल्टेज आणि तापमानात अकाली जुना होत होता, आणि त्यामुळे स्थिर चालायला लागणारं किमान व्होल्टेजच वर सरकत होतं. त्यानंतरच्या ०एक्स१२बी ने आणखी एक गोष्ट दुरुस्त केली, ती म्हणजे मशीन रिकामं असताना किंवा हलकं काम करत असताना होणारी जास्त व्होल्टेजची मागणी.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मशीन रिकामं, काम हलकं, म्हणजे तापमानाच्या मर्यादेचा तिथे संबंधही नाही. तरीही ती मागणी नुकसानीच्या कारणांत धरावी लागली. आणि झालेलं नुकसान कुठल्याही अपडेटने भरून निघत नाही, हे इंटेलनेच स्पष्ट केलं, वॉरंटी २ वर्षांनी वाढवली आणि प्रोसेसर बदलून दिले. ज्यांनी तो प्रोसेसर बनवला त्यांच्याच कोडमधून गेलेल्या जास्तीच्या व्होल्टेजने तो टिकला नाही. मग एका निनावी मजकुरातला सरसकट आकडा प्रत्येक प्रोसेसरला चालेल, हे कशाच्या आधारावर मानायचं?

यावर एक उत्तर येतं, मला भाच्याकडूनही आलं: "चाप १.५५ ला लावला ना? मग १.४५ आतच झालं." तसं नाही. १.५५ ही क्षणिक मागणीची कमाल मर्यादा होती, तीही एकदोन कोअर वरच्या वेगाला उडी मारत असताना, जेव्हा एकूण करंट कमी असतो. रायझनवरही हलक्या कामात १.४ च्या वरचे आकडे दिसतात आणि ते नेहमीचे आहेत. सगळे कोअर पूर्ण भारावर आले की हेच प्रोसेसर स्वतःहून व्होल्टेज बरंच खाली आणतात. फॉरवर्ड सांगतो ते याच्या नेमकं उलटं: क्षणभरासाठी असलेला आकडा उचलायचा आणि सगळ्या कोअरवर, पूर्ण करंटसह, तासन् तास लावून ठेवायचा.

त्यात लोड लाइन कॅलिब्रेशन सर्वांत कडक. भार आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, आणि ते बसणं मुद्दाम ठेवलेलं असतं. कारण भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, आणि त्या उसळीला जागा लागते. सर्वांत कडक पातळीवर ती जागाच उरत नाही. बायॉसमध्ये तुम्ही १.४५ लिहिलेलं असतं, प्रोसेसरला क्षणभर त्याहून जास्त बसतं, आणि साध्या सॉफ्टवेअरला ती उसळी दिसतही नाही. शिवाय काही मदरबोर्डांवर १ ही सर्वांत कडक पातळी असते, तर काहींवर ८. मजकूर लिहिणाऱ्याने हेसुद्धा सांगितलेलं नाही.

आता हिशेब. प्रोसेसर खातो ती वीज साधारणपणे वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ५.० गिगाहर्ट्झला १.२५ व्होल्ट पुरत होते आणि तुम्ही १.४५ वर ५.३ गाठले. वेग वाढला ६ टक्के. वीज वाढली सुमारे ४३ टक्के, आणि गळतीचा करंट वाढतो तो वेगळाच. २०० वॉटचा प्रोसेसर २८५ च्या पुढे गेला. ती सगळी उष्णता कूलरने बाहेर काढायची, तेवढा करंट मदरबोर्डच्या व्हीआरएमने (प्रोसेसरला व्होल्टेज देणाऱ्या सर्किटने) पुरवायचा, आणि मिळणार काय, तर ६ टक्के. तेही गेममध्ये दिसतील याची खात्री नाही, कारण रिझोल्यूशन वाढवलं की बहुतेक गेम ग्राफिक्स कार्डापाशी अडतात. प्रोसेसर तिथे वाटच बघत असतो.

एएमडीचंही उदाहरण आहे. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याचे, खालचा भाग फुगल्याचे आणि सॉकेटच्या पिना करपल्याचे फोटो फिरले. मेमरी प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या, मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज) फार वर नेत होते. एएमडीने नव्या फर्मवेअरमधून ते १.३ व्होल्टवर बांधलं. 'जळूच शकत नाही' लिहिणाऱ्याने ते फोटो एकदा बघावेत.

'४० टक्के फुकट' या दाव्यात मात्र कधीकाळी तथ्य होतं, ते नाकारता येत नाही. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्या. ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, बस, म्हणजे मदरबोर्डचा मूळ ठोका, ६६ वरून १०० वर नेली की ४५० वर चालायचा. चक्क ५० टक्के! २०११ च्या कोअर आय५-२५००के पर्यंतही हातात भरपूर सैल जागा होती. पण ती जागा आता कंपन्याच वापरतात. इंटेलचा टर्बो आणि एएमडीचा प्रिसिजन बूस्ट ही आपोआप वेग वाढवणारी तंत्रं तापमान, करंट, व्होल्टेज सतत मोजत मिळेल तेवढा वेग घेतात. कोअर आय९-१४९००के डब्यातून काढल्यावरच ६.० गिगाहर्ट्झपर्यंत जातो. 'मुद्दाम दाबून ठेवतात' हे वाक्य २५ वर्षांपूर्वी काही प्रोसेसरच्या बाबतीत चाललं असतं. आज उलट परिस्थिती आहे, जवळजवळ सगळं आधीच पिळून घेतलेलं असतं. आणि 'कुठलाही प्रोसेसर' हे तर सरळ खोटं आहे. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या नावात 'के' नाही त्यांचा मल्टिप्लायर (मूळ ठोक्याला गुणून वेग ठरवणारा आकडा) कुलूपबंद असतो, आणि 'के' असला तरी बी७६० सारख्या चिपसेटच्या मदरबोर्डवर तो वाढवता येत नाही.

शिवाय सगळे कोअर एकाच वेगावर बांधल्याने गेम हळूही होऊ शकतो. रायझन ९ ५९५०एक्स एकट्या कोअरवर ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. तुम्ही सगळे १६ कोअर ४.५ वर बांधले की ते ४.९ गेले. गेमला हवे असतात थोडेच पण वेगवान कोअर. म्हणजे प्रोसेसर झिजवून वर फ्रेमही गमावायच्या.

पॉवर सप्लायच्या मुद्द्यात केबलीचं वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं, कारण त्याने एका सेकंदात नुकसान होतं. मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, केबलीचं पार्टकडचं टोक प्रमाणित असतं, पण सप्लायकडच्या टोकाला असं कुठलंही प्रमाण नाही. कनेक्टर घट्ट बसतो, तारांचा क्रम मात्र वेगळा असू शकतो, एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येसुद्धा. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क आणि एसएसडी तिथल्या तिथे संपतात, आतल्या सगळ्या फायलींसह. जुन्या सप्लायची केबल नव्याला कधीही लावू नका. वॉटबद्दल एवढंच सांगते की ग्राफिक्स कार्ड क्षणभर सरासरीच्या कितीतरी वर जातं, म्हणून बेरीज करून काठोकाठ सप्लाय घ्यायचा नसतो. आणि '८० प्लस गोल्ड' हा शिक्का किती वीज वाया जात नाही ते सांगतो, सप्लाय आतून कसा बांधलाय ते नाही.

एक्सएमपीचा मुद्दा बरोबर आहे. मनात नसूनही मान्य करते. डीडीआर५-६००० म्हणून घेतलेली रॅम प्रोफाइल चालू केल्याशिवाय ४८०० किंवा तशाच मूळ वेगावर चालत राहते, आणि कित्येकांना वर्षानुवर्षं पत्ता नसतो. फक्त दोन गोष्टी फॉरवर्डने सांगायला हव्या होत्या: कंपनीच्या वॉरंटीच्या भाषेत हेही ओव्हरक्लॉकिंगच धरलं जातं, आणि एएमडीच्या बोर्डावर त्याआधी बायॉस अपडेट हवं, ते का, हे वर आलंच आहे.

एमएसकॉन्फिगचा आकडा मर्यादा घालण्यासाठी आहे, चाचणीच्या कामासाठी. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरते. पुढे.

दहा मिनिटांच्या चाचणीवर थोडं थांबायला हवं. अस्थिर मशीन नेहमी क्रॅश होऊनच सांगतं असं नाही. रॅम किंवा प्रोसेसर अधूनमधून एखादा बिट चुकवतो, ती चूक फाइलमध्ये लिहिली जाते, आणि काही आठवड्यांनी फोटो उघडत नाही, झिप फाइल खराब निघते, विंडोजचं अपडेट अडतं. तेव्हा कुणाला त्या रात्रीचं सेटिंग आठवत नाही. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर, प्रोसेसरसाठी प्राइम९५ किंवा ओसीसीटी काही तास, आणि त्यानंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी तपासणं, एवढं किमान करावं लागतं. व्हीयाची एकही नोंद आली तर गेम कितीही सुरळीत चालला तरी सेटिंग पक्कं नाही.

भाच्याला मी जे करायला सांगितलं ते असं. बायॉस अपडेट. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना, ते बघ. मेमरी प्रोफाइल चालू कर आणि वर सांगितली तशी चाचणी घे. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लाव. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर अडकलेला नाही ना, तेही बघ. एवढ्यानेच त्याचा गेम कितीतरी सुधारला. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर रायझनवर बायॉसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने व्होल्टेज थोडं कमी करून बघायचं, म्हणजे त्याच उष्णतेत प्रोसेसर स्वतःच जास्त वेळ वरच्या वेगावर राहतो. प्रत्येक पायरीला पुन्हा चाचणी.

ज्यांनी फॉरवर्ड वाचून १.४५ आधीच लावलंय, त्यांनी आजच बायॉसमध्ये जाऊन 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' निवडा आणि सेव्ह करा. स्क्रीनच येत नसेल तर मशीनचा प्लग काढून मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी सीमॉस (बायॉसची साठवलेली सेटिंग) क्लिअर करा. मग मेमरी प्रोफाइलही बंद ठेवून काही दिवस वापरा आणि व्हीयाच्या नोंदी बघत राहा. मूळ सेटिंगवरही क्रॅश होत असेल तर प्रोसेसरला इजा झालेली असण्याची शक्यता धरा, आणि दुसरं काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून घ्या.