एकट्याच्या जिद्दीने क्षेत्र बदलते, या दाव्याचा प्रतिवाद

व्यवस्थापनावरील भाषणांत, प्रेरणादायी लेखांत आणि उद्योजकांच्या चरित्रकथांत एक दावा वारंवार मांडला जातो आणि तितक्याच उत्साहाने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: प्रत्येक क्षेत्र जुन्या सवयींत रुतलेले असते, मग एक द्रष्टा माणूस बाहेरून येतो, नियम झुगारतो आणि निव्वळ जिद्दीवर सगळे क्षेत्र बदलून टाकतो, त्याचे यश पाहून उरलेल्या संघटना शहाण्या होतात आणि त्याचे अनुकरण करतात, ज्यांना हे जमत नाही, ते ‘व्यवस्थे’चा बहाणा सांगत बसतात. पुराव्यादाखल बहुधा दोन नावे दिली जातात, विजेचा दिवा आणणारे थॉमस एडिसन आणि मालवाहतुकीत कंटेनर रुजवणारे माल्कम मॅकलीन.

हा दावा मला अपुरा वाटतो, आणि त्याहून अधिक म्हणजे घातक वाटतो. संघटनांमध्ये प्रामाणिकपणे बदलासाठी झटणारी असंख्य माणसे तो वाचतात आणि आपल्याला अपयश आले ते आपल्याच मनोबलात काही कमी असल्यामुळे, असा निष्कर्ष काढतात. म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

आधी ‘क्षेत्र’ या शब्दाविषयी. १९८३ मध्ये पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल या समाजशास्त्रज्ञांनी संघटनांच्या क्षेत्राची जी कल्पना मांडली, तिच्यात एकाच प्रकारचा माल किंवा सेवा देणाऱ्या संघटनांबरोबर त्यांचे पुरवठादार, ग्राहक आणि नियामक यंत्रणाही येतात. ही सगळी मंडळी एकमेकांकडे पाहून वागतात, आणि कोणते वागणे रास्त, कोणते हास्यास्पद, कोण मोठा, कोण किरकोळ, याविषयी त्यांची एक सामायिक समजूत तयार होते. संरचना म्हणतात ती हीच: नियम, साधनांचे वाटप आणि गृहीत धरलेल्या समजुती यांची गुंफण. माणसाचे कर्तेपण म्हणजे या गुंफणीत राहून वेगळे काही योजण्याची आणि ते घडवण्याची क्षमता.

दाव्यातील पहिले विधान असे की द्रष्टा माणूस नियम झुगारतो. मॅकलीन यांचीच हकिकत पाहू, कारण ती दाव्याच्या बाजूने सांगितली जाते आणि नीट वाचली तर दाव्याच्या विरुद्ध साक्ष देते. मॅकलीन हे ट्रकवाहतुकीतील बडे व्यावसायिक होते. १९५५ मध्ये त्यांनी पॅन-अटलांटिक ही जहाज कंपनी घेतली. या कंपनीकडे अमेरिकेच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवरील बंदरांमध्ये मालवाहतूक करण्याचे हक्क आधीपासून होते आणि मॅकलीन यांना हवे होते ते नेमके हेच हक्क. परंतु तत्कालीन नियमांनुसार वाहतुकीच्या नियामक आयोगाच्या परवानगीशिवाय ट्रक कंपनीला जहाज कंपनी बाळगता येत नसे. मॅकलीन यांनी काय केले? स्वतः उभारलेल्या ट्रक कंपनीवरील ताबा त्यांनी सोडला. हे नियम झुगारणे नव्हे. कोणता नियम कुठे अडवतो आणि कोणता कुठे वाट देतो, हे क्षेत्राच्या आत मुरलेल्या माणसाने अचूक ओळखणे आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले, तेही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील तेलवाहू जहाज होते, त्यात फेरफार करून घेतलेले.

कल्पनाही सर्वस्वी नवी नव्हती. माल पेटीत भरून ती पेटीच एका वाहनावरून दुसऱ्यावर चढवण्याचे प्रयोग रेल्वे कंपन्यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यानच केले होते, आणि कंटेनरविषयक आंतरराष्ट्रीय संस्था पॅरिसमध्ये १९३३ सालीच स्थापन झाली होती. मॅकलीन यांचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. पेटीपुरता विचार न करता जहाज, क्रेन, धक्का आणि ट्रक यांची एकसंध मांडणी करायला हवी, हे त्यांनी ओळखले आणि त्यावर आपली मालमत्ता पणाला लावली. पण ही दृष्टी त्यांना लाभली ती ट्रकवाहतुकीतील अनुभवातून, म्हणजे संरचनेने त्यांना दिलेल्या जागेवरून.

यापुढचा इतिहास चरित्रकथांमध्ये सहसा दोन ओळींत उरकला जातो. मला मात्र खरे क्षेत्र तिथेच दिसते. गोदी कामगारांच्या हातांनी माल चढवण्या-उतरवण्यावर उभ्या असलेल्या बंदरांमध्ये कंटेनर आणणे म्हणजे हजारो लोकांची उपजीविका धोक्यात आणणे होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखालील गोदी कामगार संघटनेने १९६० मध्ये मालकांशी यांत्रिकीकरणाचा करार केला. यंत्रांना विरोध मागे घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात कामगारांना उत्पन्नाची हमी व निवृत्तीचे लाभ मिळवायचे, असे त्याचे स्वरूप होते. न्यूयॉर्क परिसरातील बंदर प्राधिकरणाने सार्वजनिक पैशातून एलिझाबेथ येथे कंटेनरसाठी योग्य असे बंदर उभारले आणि ते १९६२ मध्ये सुरू झाले. व्हिएतनाम युद्धात रसद पोहोचवणे अवघड झाल्यावर अमेरिकी लष्कराने मॅकलीन यांच्या कंपनीला, जिचे नाव तोवर सी-लँड झाले होते, व्हिएतनाममधील कामरान बे या बंदरापर्यंत कंटेनरसेवा चालवण्याचे कंत्राट १९६७ मध्ये दिले. कामगारनेते, बंदराचे नियोजक आणि लष्करी अधिकारी यांपैकी प्रत्येकाचे कर्तेपण इथे कामी आले आहे, आणि प्रत्येकाला ते दाखवण्याची जागा त्याच्या पदाने, संघटनेने किंवा कायद्याने दिली आहे. या सर्वांना पुसून एकाच माणसाला उभे करणे हा अन्याय आहे, तसेच क्षेत्र कसे बदलते याविषयीचे चुकीचे शिक्षणही आहे.

एडिसन यांच्याबाबतही ‘झुगारणे’ हा शब्द बसत नाही. न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले, तेव्हा शहरात प्रकाश पुरवण्याचा व्यवसाय गॅस कंपन्यांच्या हाती होता. तारायंत्राच्या तारा खांबांवरून जात असताना एडिसन यांनी विजेच्या तारा खर्च सोसून गॅसच्या नळांप्रमाणे जमिनीखालून नेल्या, वापर मोजायला मीटर बसवले आणि दिव्याचा उजेड गॅसच्या ज्योतीइतकाच ठेवला. लोकांना परिचित असलेल्या व्यवस्थेचे रूप नव्या तंत्राला दिल्यामुळे ते स्वीकारार्ह झाले. जुन्या संरचनेतील समजुती हीच त्यांची सामग्री होती.

दुसरे विधान असे की जिद्द पुरेशी असते. या विधानाला एकोणिसाव्या शतकातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांचे आयुष्य हे सर्वात वेदनादायी उत्तर आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील ज्या प्रसूतिविभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, तिथे बाळंतरोगाने होणारे मृत्यू सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक होते. शवविच्छेदन करून आलेले हात हेच कारण असावे असे ओळखून त्यांनी मे १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण उन्हाळ्यात २ टक्क्यांच्या आसपास आले. पुरावा स्पष्ट होता, जिद्द अफाट होती, काही मान्यवर सहकारी पाठीशीही होते. तरीही १८४९ मध्ये त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली गेली नाही, १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले, आणि १८६५ मध्ये मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला.

असे का झाले असावे? रोग दूषित हवेतून आणि शरीरातील असमतोलातून होतात असे मानणाऱ्या वैद्यकशास्त्रात अदृश्य कणांना जागा नव्हती. ‘मृत्यू डॉक्टरांच्याच हातांतून येतो’ हे म्हणणे त्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेवरच आघात करणारे होते, आणि ते म्हणणारा माणूस होता कनिष्ठ पदावरचा. त्यांच्या स्वतःच्या निवडींचाही यात वाटा आहे: त्यांनी सविस्तर लेखन फार उशिरा केले आणि विरोधकांना जहाल उघड पत्रे लिहिली. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये जंतुनाशक शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चर यांच्या संशोधनामुळे सूक्ष्मजीवांची भाषा उपलब्ध झाली होती आणि लिस्टर स्वतः शल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते. विरोध त्यांनाही झालाच, पण त्यांचे म्हणणे पकड घेईल अशी खाच क्षेत्रात तयार झालेली होती. दोघांच्या मनोबलाची तुलना करून हा फरक उलगडणार नाही. माझा रोष आहे तो इथे: हा लोकप्रिय दावा खरा मानला, तर सेमेलवाइस पुरेसे जिद्दी नव्हते असे म्हणावे लागते.

तिसरे विधान असे की बाकीच्या संघटना यश पाहून, म्हणजे परिणाम तपासून, अनुकरण करतात. काही वेळा तसे होते. पण नगरप्रशासनातील एक अभ्यास इथे लक्षात घेण्याजोगा आहे. पामेला टॉल्बर्ट आणि लिन झुकर यांनी १८८० ते १९३५ या काळात अमेरिकी शहरांनी वशिल्याऐवजी गुणवत्तेवर नोकरभरतीची पद्धत कशी स्वीकारली, याचा अभ्यास १९८३ मध्ये मांडला. जिथे राज्याने सक्ती केली तिथे ती झपाट्याने पसरली. जिथे सक्ती नव्हती, तिथे सुरुवातीच्या शहरांचा निर्णय त्यांच्या स्थानिक परिस्थितीशी जुळणारा दिसला. मात्र पुढे पुढे शहराची वैशिष्ट्ये आणि निर्णय यांचा संबंध क्षीण होत गेला, कारण तोपर्यंत ही पद्धत म्हणजे सुव्यवस्थित शहराची ओळख ठरली होती आणि ती नसणे हेच संशयास्पद झाले होते. डिमॅजिओ आणि पॉवेल यांनी संघटना एकसारख्या होण्यामागे तीन दाब सांगितले: कायद्याचा व सत्तेचा, अनिश्चिततेत दुसऱ्याकडे पाहून चालण्याचा, आणि एकाच प्रकारच्या शिक्षणातून आलेल्या व्यावसायिकांच्या मानदंडांचा. सगळ्यांनी एक गोष्ट केली म्हणून ती सर्वोत्तम सिद्ध होते, हा निष्कर्ष यातून टिकत नाही.

चौथे विधान, बदल नेहमी बाहेरच्यांकडून येतो, याविषयी थोडक्यात. परिघावरच्या माणसाला प्रस्थापित समजुतींचे ओझे कमी असते, हे खरे आहे. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस हिशेबतपासणीच्या क्षेत्रात सल्लासेवा आणि कायदेसेवा एकाच छताखाली आणण्याचा रेटा अगदी केंद्रस्थानी असलेल्या पाच महाकाय कंपन्यांनी लावला. त्यांचा पसारा इतका वाढला होता की व्यावसायिक नियामक संस्थांचा आवाका त्यांना पुरेना. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जाकंपनीचा हिशेबातील घोटाळा उघड झाल्यावर तिचे हिशेब तपासणारी, त्या पाचांतील आर्थर अँडरसन कोसळली, आणि अमेरिकेत २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने ज्या कंपनीचे हिशेब तपासायचे तिलाच अनेक प्रकारच्या इतर सेवा विकण्यास मनाई केली. बदलाची सुरुवात केंद्रातून झाली आणि त्याला आळाही क्षेत्राच्या नियमांतूनच बसला.

उरते शेवटचे विधान: ‘व्यवस्था’ हा बहाणा आहे. इथे मला उलट्या टोकालाही जायचे नाही. ‘माणूस काहीच करू शकत नाही, सारे संरचनाच ठरवते’ असे मानणाऱ्यांना वरीलपैकी एकाही घटनेचा उलगडा करता येणार नाही. अभ्यासकांनी हा पेच स्पष्ट शब्दांत मांडला आहे: ज्या क्षेत्राने माणसाची दृष्टी, इच्छा आणि हितसंबंध घडवले, तेच क्षेत्र बदलण्याची इच्छा त्याला होते तरी कशी? माझ्या मते उत्तराचा मोठा भाग यात आहे की कोणतेही क्षेत्र आतून एकसंध नसते. त्यात परस्परविरोधी नियम असतात, एका क्षेत्राची माणसे दुसऱ्यात वावरतात, आणि अशा फटींमध्ये उभ्या असलेल्यांना प्रचलित व्यवहार हा निसर्गनियम नसून माणसांनी चालू ठेवलेला व्यवहार आहे हे दिसू लागते. समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स यांनी संरचनेला कृतीचे माध्यम आणि कृतीचे फलित असे दोन्ही म्हटले, ते याच अर्थाने. व्याकरण पाळल्याशिवाय बोलता येत नाही, पण लोक बोलत राहतात म्हणूनच व्याकरण जिवंत राहते आणि बोलता बोलताच ते बदलते. बंधन घालणारी आणि बळ देणारी गोष्ट एकच असेल, तर तिचा उल्लेख करणाऱ्याला बहाणेबाज म्हणणे म्हणजे त्याच्या हातातील नकाशा काढून घेणे होय.

हा नकाशा हाती असताना माणूस काय करू शकतो, हे कंटेनरच्या इतिहासातील एका प्रसंगात दिसते, म्हणून पुन्हा तिकडे वळतो. १९६० च्या आसपास प्रत्येक कंपनीची पेटी वेगळ्या मापाची होती, मॅकलीन यांची ३५ फुटांची आणि पश्चिमेकडील मॅटसन कंपनीची २४ फुटांची. एकमेकांच्या पेट्या उचलता येत नसल्याने हे क्षेत्र जोडले जाणेच शक्य नव्हते. मापे आणि कोपऱ्यांवरील जोडभाग ठरवण्यासाठी अभियंते आणि कंपन्यांचे प्रतिनिधी वर्षानुवर्षे समित्यांमध्ये वाद घालत होते. मॅकलीन यांच्यासाठी पूर्वी काम केलेले अभियंते कीथ टँटलिंगर यांनी त्यांना जोडभागाच्या पेटंटवरचा हक्क सोडण्याची गळ घातली, आणि १९६३ मध्ये मॅकलीन यांच्या कंपनीने तो सोडला. त्या रचनेवर आधारलेला जोडभाग समित्यांनी स्वीकारला, आणि त्यात त्रुटी आढळल्यावर १९६७ मध्ये तो पुन्हा सुधारला. आंतरराष्ट्रीय मानकात लांबी मात्र १०, २०, ३० आणि ४० फूट अशीच ठरली. मॅकलीन यांच्या ३५ फुटांच्या पेटीला त्यात जागा मिळाली नाही.