कवितेनं सोयाबीनला भाव मिळतो का?

अंबाजोगाईत माझं खत-बियाणांचं दुकान आहे. परवा काउंटरवर कवितांचं पुस्तक उघडं बघून एक जुना दोस्त म्हणाला, "शेठ, कवितेनं सोयाबीनला भाव मिळतो का?" बसलेले सगळे हसले. मीही हसलो. नाही मिळत. २०२५-२६ चा क्विंटलमागे ५,३२८ रुपयांचा हमीभाव कागदावरच राहिला आणि मोंढ्यात पट्टी हातात पडली की माणूस गप्प होतो. तिथं कविता काय करणार!

पण त्याचं पुढचं वाक्य पचलं नाही. "हे सगळे पोट भरल्यावरचे चोचले."

पोट भरल्यावरचे? माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला जायची. पहाटे जात्यावर तांबडा मिलो (परदेशातून आलेली जवारी) दळायची, मग काम, आणि तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून लेकरांसाठी घेऊन यायची. तेव्हाची तिची एक ओवी होती, म्हातारपणीही म्हणायची:

यंदाच्या दिवाळीला लुगडं नको मला,
बंधू माझ्या रे, जवारी दे चुलीला

बहिणीनं दिवाळीला भावाकडं लुगडं मागायचं, ही ओव्यांतली जुनी रीत. आजीनं ती रीतच उलटी केली. घरात दाणा नाही हे भावाच्या तोंडावर तिला मेली तरी बोलता आलं नसतं. जात्याला सांगता आलं. भावापर्यंत ओवी पोचली का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

जनाबाई आमच्या गंगाखेडची. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी बाई. तिला कुठली आली फुरसत?

आणि आमच्याच गावचे संतकवी दासोपंत (१५५१-१६१५). त्यांची पासोडी सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद. पांघरायचं जाडंभरडं कापड, त्यावर त्यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहून काढला. त्यातलं तत्त्वज्ञान मला कळत नाही, खोटं कशाला बोलू. पण थंडीत अंगावर घ्यायच्या कापडावर ओव्या लिहिणाऱ्याला कविता म्हणजे शोकेसमधली वस्तू वाटत नसणार, एवढं कळतं.

दोस्ताची सगळी चूक नाही म्हणा. कविता त्याला दिसते कुठं? संमेलनात. एका संमेलनात मी दीड तास नुसते सत्कार बघितले, शाल-श्रीफळ, शाल-श्रीफळ, आणि कवींच्या वाट्याला तीन-तीन मिनिटं. एकानं बैलावर गहिवरून कविता वाचली. त्याच्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा असतो. (कवीमहाशय, वाचत असाल तर राग नको.)

गिरणी आली, बायकांचे खांदे वाचले. त्याचं मला दुःख नाही, जातं परत आणा असं म्हणणारा माणूस पहाटे चारला उठून दळलेला नसतो. पण जात्यासोबत मनातलं सांगायची जागाही गेली.

मागच्या उन्हाळ्यात भाचीची हळद होती. जात्याला सुपारी बांधली, फोटोग्राफर म्हणाला, "आता ओवी म्हणा." सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या. कुणीतरी मोबाईलवर ओवी लावली, तर मध्येच पानमसाल्याची जाहिरात! मग थोरल्या आत्यानं फोन बाजूला सारला, खुंटा धरला, पहिली ओळ म्हणाली आणि दुसरी काही आठवेना. पुन्हा पहिली म्हणाली. बाहेर डीजेवाल्यानं आवाज तपासायला घेतला, तेव्हा नवरीनंच हळदीच्या हातानं खिडकीतून त्याला थांब म्हणून खुणावलं.