रक्सौलला समुद्र आणण्याची सोपी पद्धत

नवी मुंबईत रबाळ्यात तुमचा कारखाना आहे, बीडाचे (कास्ट आयर्नचे) पंप बनवता आणि नेपाळातल्या बीरगंजच्या एका व्यापाऱ्याने पहिली ऑर्डर दिली आहे. पेढे वाटून झाले असतील तर आता माल सीमेवर अडकवायच्या तयारीला लागा. गाडी रक्सौलला, म्हणजे बिहारच्या सीमेवर, अडकते असा एक गैरसमज आहे. रक्सौलला ती नुसती उभी राहते. अडकवायचं सगळं काम ठाणे-बेलापूर रोडवर, एसी केबिनमध्ये बसून, गाडी लागायच्या आधीच उरकता येतं.

सुरुवात कोटेशनपासून करा. दराच्या अटीत बिनधास्त 'एफओबी रक्सौल' लिहा. न्हावाशेवा बंदराच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या हाताला एफओबी आणि सीआयएफचं वळण पडलेलं असतंच. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची. रक्सौलला जहाज नाही, बंदर नाही, समुद्र तर शेकडो किलोमीटरवर. इन्कोटर्म्स २०२० मध्ये (आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ठरलेल्या अटींमध्ये) एफओबी आणि सीआयएफ या अटी फक्त जलवाहतुकीसाठी ठेवल्यात. रस्त्यासाठी एफसीए, सीपीटी, डीएपी अशा अटी आहेत, पण त्या वाचल्या तर मजा जाते. 'डीएपी बीरगंज' लिहिलं असतं तर बीरगंजपर्यंतचं भाडं आणि जोखीम तुमची, तिथलं भन्सार आणि माल उतरवून घेणं व्यापाऱ्याचं, असं स्वच्छ ठरलं असतं. (भन्सार म्हणजे नेपाळचं कस्टम्स. हा शब्द पाठ करून ठेवा, पुढे फोनवर दिवसातून वीस वेळा ऐकायचा आहे.) 'एफओबी रक्सौल'मध्ये मात्र पार्किंगचे पैसे कोणाचे, गाडी बदलायची हमाली कोणाची, गाडी थांबून राहिल्याचं हॉल्टिंग कोणी द्यायचं, या तिन्ही प्रश्नांना दोन्ही बाजूंनी 'तुमचं' एवढंच उत्तर देता येतं.

मग इन्व्हॉइस. रकमेपुढे फक्त 'रु.' लिहा. आपलेही रुपये आणि त्यांचेही रुपये. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा दर बांधलेला आहे, त्यामुळे गोंधळ झालाच तर तो बरोबर १.६ पटीचा होतो, हिशेबाला सोपा. बीरगंजचा व्यापारी बोलताना 'आयसी' आणि 'एनसी' असा फरक करतो, नेपाळी कागदावर 'भारु' आणि 'नेरु' लिहितात. तुम्ही 'भारतीय रुपये' असे दोन शब्द लिहून शाई कशाला घालवता?

मालाचं वर्णन शक्य तितकं घरगुती ठेवा. 'पंप व इतर सामान, ४० नग' हे उत्तम. कस्टम्सच्या ८४१३ या कोडमध्ये पंप येतो, ८५०१ मध्ये सुटी मोटर येते आणि सुटे इम्पेलर पंपाच्या भागांच्या वेगळ्या कोडवर जातात. हे सगळं एकाच ओळीत कोंबलं की भन्सारच्या माणसाला खोकी उघडून बघावीच लागतात. पॅकिंग लिस्टवर प्रत्येक खोक्याचा नंबर, निव्वळ वजन, एकूण वजन आणि आत काय आहे हे लिहिलं तर तो दोन-चार खोकी उघडून समाधान मानेल. 'खोकी १ ते ४०, वजन अंदाजे' लिहिलं तर चाळीसही उघडेल. आणि पट्ट्या कापून उघडलेलं लाकडी खोकं पुन्हा बांधायला पट्टी मारायचं मशीन त्याच्याकडे नसतं, हेही ध्यानात असू द्या.

आता जीएसटी. निर्यातीवर कर शून्य, पण तो आपोआप होत नाही. एक तर कर भरून नंतर परतावा मागायचा, नाहीतर एलयूटी (निर्यातीचं हमीपत्र) देऊन कर न भरता माल पाठवायचा. एलयूटी आर्थिक वर्षापुरतं असतं. म्हणून मार्चअखेरीला संपलेलं एलयूटी एप्रिलमध्ये सावकाश भरा, आणि मधल्या दिवसांत पहिल्या आठवड्याचं इन्व्हॉइस काढून मोकळे व्हा. एलयूटीवर पाठवलेला माल इन्व्हॉइसच्या तारखेपासून तीन महिन्यांत देशाबाहेर जायला हवा, नाही तर करही भरायचा आणि वर व्याजही. यासाठी सोपी युक्ती आहे. ऑर्डर आली त्या दिवशीच उत्साहाने इन्व्हॉइस काढा आणि पंप नंतर ओतायला घ्या.

कर भरून पाठवत असाल तर आणखी एक गंमत करता येते. कस्टम्सच्या कागदावर इन्व्हॉइस नंबर '०४५' आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात '४५' टाका. परतावा एसबी-००५ (इन्व्हॉइस जुळत नाही) या एररवर जाऊन बसतो. अकाउंटंट तुमचा, सीएचए (कस्टम्सचे कागद भरणारा एजंट) रक्सौलचा, दोघंही सांगतील की नंबर बरोबर आहे. दोघांचंही खरं.

सीएचएवरून आठवलं. तुमचा न्हावाशेव्याचा सीएचए आयुष्यभर शिपिंग बिलं भरत आलाय. रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी कस्टम्स कायद्याच्या कलम ५० प्रमाणे 'बिल ऑफ एक्स्पोर्ट' लागतं. रक्सौलचा माणूस आधी शोधून त्याला इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल्टीचा (ट्रान्सपोर्टरच्या मालपावतीचा) मसुदा तपासायला पाठवला, तर चुका रबाळ्यातच सापडतात आणि प्रिंटरवर दुरुस्त होतात. तेव्हा तसं करू नका. गाडी मोतीहारीला पोहोचली की मग फोन लावा.

ई-वे बिलात (माल रस्त्याने नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदात) दूरदृष्टी दाखवा. रबाळे ते रक्सौल साधारण १,८०० किलोमीटर. २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने नऊ दिवसांची मुदत मिळते. 'बिल टू'मध्ये परदेश आणि 'शिप टू'मध्ये रक्सौल, बिहार असं भरायचं असतं. तुम्ही 'शिप टू'मध्ये ट्रान्सपोर्टरचं कळंबोलीचं गोडाऊन टाका. अंतर वीस-बावीस किलोमीटर निघेल, मुदत एक दिवस, आणि गाडी धुळ्याच्या अलीकडे असतानाच बिल संपेल. संपायच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास मुदत वाढवता येते. ही खिडकी बहुधा रात्रीची असते, त्यामुळे लॉगिन ज्याच्याकडे आहे त्याला लवकर झोपायला सांगा. इंदूरला ट्रान्सपोर्टरने माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ई-वे बिलाच्या पार्ट-बी मध्ये नवा गाडी नंबर भरावा लागतो. तोही विसरा. जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली गाडी अडवली की दंड कराच्या दुप्पट. निर्यातीवर कर शून्य आणि शून्याची दुप्पट शून्य, हा युक्तिवाद अगदी चोख आहे. तो रात्री अडीच वाजता अधिकाऱ्याला समजावून सांगायचं काम ड्रायव्हरवर सोपवा.

गाडी मागवताना 'बत्तीस फुटी पाठवा' एवढंच सांगा. सिंगल ॲक्सल की मल्टी ॲक्सल ते विचारलं तर चेष्टेवारी न्या. वजनाचा हिशेब तर अगदीच कंटाळवाणा असतो: तीन ॲक्सलच्या गाडीची एकूण वजनाची मर्यादा २०१८ पासून २८.५ टन, त्यातून आरसीवर लिहिलेलं रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, उरेल तेवढंच भरायचं. बीडाचे पंप दिसायला लहान असतात, गाडी अर्धी रिकामी दिसते, आणि अर्धी रिकामी गाडी बघून शेठच्या पोटात दुखतं. भरा आणखी तीन टन. ओव्हरलोडला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, म्हणजे २६ हजार, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवून घ्यायचा. तीन टन पंप झाशीच्या धाब्यामागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हे तेव्हा सुचेलच.

लोडिंगकडे थोडं तपशीलात जाऊ, कारण निम्मं नुकसान इथेच पेरता येतं. गाडी लागली की माथाडी येतील, वराई (माल चढवायची मजुरी) ठरेल, चहा होईल. या वेळात एका माणसाने कंटेनरमध्ये उभं राहून बाहेरून दार लावून घ्यायचं असतं. आत अंधार झाला की छताकडे आणि कोपऱ्यांकडे बघायचं. जिथून उजेडाचा ठिपका दिसतो, तिथूनच जुलैत कसाऱ्याचा पाऊस येणार. दोन मिनिटांचं काम आहे आणि आत उकडतं फार, म्हणून सोडून द्या.

पॅलेट १२०० बाय १०००चे असतील तर दोन पॅलेट लांब बाजूने शेजारी शेजारी बसवायचा हट्ट धरा. १२०० आणि १२००, झाले २४०० मिलिमीटर. आठ फूट म्हणजे २४३८. कागदावर बसतात. ती आठ फुटं बाहेरून मोजलेली आहेत, आतल्या पत्र्याने दोन्हीकडून जागा खाल्लीय, हे फोर्कलिफ्टवाल्याला दुसऱ्या पॅलेटचा कोपरा चेपल्यावर कळेल. मग तो एक पॅलेट आडवं करेल, एक उभं, आणि मधे वीतभर फट राहील. फटीत लाकडी ठोकळा किंवा हवेची पिशवी भरतात. तुम्ही रिकामं पुठ्ठ्याचं खोकं भरा.

हलकी खोकी आधी तयार असतात म्हणून ती पुढे, केबिनच्या बाजूला जातात. जड पंप संध्याकाळी रंग वाळल्यावर येतात म्हणून ते दाराशी. काट्यावर एकूण वजन बरोबर भरेल, पण मागच्या ॲक्सलवर भार जास्त येईल आणि कसारा घाट चढताना पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग पोकळ लागायला लागेल. घाटात ड्रायव्हरने शिव्या घातल्या तर त्याला 'वजन तर पासिंगमध्येच आहे' म्हणा.

बांधायला सुतळी वापरा, फार तर नायलॉनची दोरी. युरोपातलं मानक ब्रेक दाबल्यावर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे येतो असं धरून पट्टे बांधायला लावतं. दहा टन पंपांचा आठ टन जोर. रॅचेट पट्टे, खोक्याच्या कडेला कॉर्नर आणि खाली रबरी चटई लावली तर हा जोर अडतो. नायलॉनची दोरी बीडाच्या धारेवर एकदा घासली की संपली.

गाडी कधी सोडायची? शनिवारी रात्री उत्तम. शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, भिवंडी बायपास या टप्प्यातच इतका वेळ जातो की पुढचे १,७०० किलोमीटर शर्यतीसारखे वाटतात. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झालाय, पण रबाळ्याहून आमण्यापर्यंत समृद्धी नाही. रोजचे सव्वातीनशे किलोमीटर धरले तर गाडी शुक्रवारी रात्री रक्सौलला लागते. शनिवार ही नेपाळची जुनी साप्ताहिक सुट्टी. रविवारी तिकडचा व्यापारी ताजातवाना उठून तुम्हाला फोन करेल (त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं, तेवढाच लवकर करेल). पण रविवारी तुमचं ऑफिस बंद, बँक बंद, आणि सही-शिक्का ज्याच्याकडे आहे तो येऊरला सहलीला. तारखेचाही घोळ घालता येईल. नेपाळी कागदावर विक्रम संवत असतं, आपल्यापेक्षा छप्पन-सत्तावन्न वर्षांनी पुढे. बीरगंजहून आलेल्या कागदावर २०८२ दिसलं म्हणून तुमच्या अकाउंटंटने तो 'चुकीची तारीख' असा शेरा मारून परत पाठवला, तर आणखी दोन दिवस सुटले.

मोसम निवडायचा तर दसरा ते छठ. नेपाळात दशैं, मग तिहार. इकडे आपली दिवाळी, पाठोपाठ सीमेच्या दोन्ही बाजूंना छठ. बिहारचे ड्रायव्हर आणि क्लीनर गावाला गेलेले असतात, म्हणजे जे गाडी चालवणार तेच सुट्टीवर. नाहीतर मग पावसाळा पकडा. बीरगंजहून काठमांडूकडे जाणारे ट्रक हेटौडा, नारायणगढ, मुग्लिनमार्गे जातात आणि नारायणगढ-मुग्लिनच्या पट्ट्यात दरड कोसळणं नवं नाही. नेपाळी गाडीत माल बदलायचा की तुमचीच गाडी डोंगरात न्यायची, हा निर्णय बीरगंजला पोहोचेपर्यंत राखून ठेवा.

(बांगलादेशाची ऑर्डर आली असेल तर मनाला लावून घेऊ नका, तिथेही सोय आहे. सीमेपलीकडच्या बेनापोलला सुट्टी शुक्रवारी, आणि आपल्या बाजूच्या पेट्रापोलच्या अलीकडे रांग लावायला जागा आहेच.)

विम्याचं काय? ट्रान्सपोर्टरची बिल्टी आहे ना! तिच्यावर बारीक अक्षरात 'माल मालकाच्या जोखमीवर' छापलेलं असतं, ते सजावट समजा. जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल तर रस्ते वाहतूक कायद्याखाली ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. भाडं एक लाख धरलं तर दहा लाख. माल तीस लाखांचा. उरलेले वीस लाख तुमच्या अनुभवाच्या खात्यात जमा. विमा काढलाच असेल तर तो रक्सौलला संपतो की बीरगंजच्या गोडाऊनपर्यंत जातो, ते पॉलिसीत बघू नका. माल फुटतो तो बहुतेक गाडी बदलताना, आणि गाडी बदलते रक्सौलच्या पलीकडे. दावा करायचा तर ट्रान्सपोर्टरला बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. व्हॉट्सॲपवर तुटक्या खोक्याचा फोटो आणि तीन रडके इमोजी पाठवून काम झालं असं माना.

शेवटी पोच. बीरगंजच्या व्यापाऱ्याने बिल्टीच्या मागे सही-शिक्का मारून नगाची संख्या आणि फुटतूट लिहून दिली की ट्रान्सपोर्टरचं राहिलेलं भाडं द्यायचं असतं. तुम्ही गाडी परत यायच्या आधीच, त्याने फोनवर दोनदा 'साहेब' म्हटलं म्हणून, सगळं भाडं देऊन टाका. मूळ पोच तेव्हा डॅशबोर्डवर, गणपतीच्या मागे, टोलच्या पावत्यांत खोचलेली असते, आणि गाडीने गोरखपूरहून इंदूरचं परतीचं भाडं उचललेलं असतं.