हरायचंच आहे, तर तयारी नीट करा

मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा चाहता व्हायचं तुमच्या मनात असेल तर अभिनंदन. वय लहान असेल तर फारच छान, कारण कळत्या वयात हे होत नाही. मला 1999 साली लागण झाली. बार्सिलोनातली चॅम्पियन्स लीगची फायनल, बायर्न म्युनिक एक गोलने पुढे, आणि इंज्युरी टाइममध्ये आमच्या शेरिंगहॅम आणि सोल्शारचे दोन गोल. मामाच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत मी गादीवरून उडी मारली, ती अजून खाली आलेली नाही. सव्वीस वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, म्हणून चार सूचना करतो.

सगळ्यात आधी, रात्री जागण्यासाठी सबळ कारण हाताशी ठेवा. 2025 साली 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. आमचा गणपती दीड दिवसाचा, ठाण्याला दादाकडे असतो. त्याच रात्री साडेबाराला लीग कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा सामना, ग्रिम्सबीविरुद्ध. टीव्ही मखराच्या मागे गाडलेला. समईत तेल घालायला कुणीतरी जागं राहायला हवं असा विषय निघाला आणि माझा हात आपोआप वर गेला. काकू भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "आजकालची मुलं असं कुठे करतात?" मी अडतीस वर्षांचा आहे.

सगळे आडवे झाल्यावर भिंतीला टेकून बसलो. फोनचा आवाज बंद, उजेड कमी. ग्रिम्सबी हे मासेमारीचं गाव, क्लब चौथ्या दर्जाच्या लीगमधला, आणि त्यांचे लोक स्टँडमध्ये हवा भरलेले मासे नाचवतात. चतुर्थीच्या दिवशी, पोटात सात मोदक असताना, मासे आम्हाला खाताना बघितले. अर्ध्या तासात दोन गोल. आमचे तेव्हाचे कोच आमोरिम पावसात डगआउटमध्ये बसून पाटीवर सोंगट्या सरकवत होते, सारीपाट मांडल्यासारखे. आमच्या एम्ब्यूमोने एक गोल फेडला, 89व्या मिनिटाला मॅग्वायरने बरोबरी केली, आणि मी समोरच असलेल्या बाप्पाला हात जोडले. जोडायला नको होते. निकालासाठी पेनल्टी झाल्या सव्वीस. आमच्या कुन्हाची किपरने अडवली. शेवटी एम्ब्यूमोने मारलेला बॉल आडव्या दांड्यावर आदळला. 12-11. या दोघांसाठी मिळून त्याच उन्हाळ्यात क्लबने बारा कोटी पौंडांहून जास्त मोजले होते.

"अरे, समई विझली की!"

आई पाणी प्यायला उठली होती. वात काळी, तेलाचा टिपूस नाही. वारा आला असेल, म्हणालो. खिडक्या सगळ्या बंद होत्या. तिने काही न बोलता वाटीतलं तेल ओतलं, वात पुढे सरकवली, काडी ओढली, आणि मागे वळून न बघता विचारलं, "हरले वाटतं?"

तर कारण सबळ ठेवा, आणि तेल आधीच ओतून ठेवा.

पुढची सूचना: मॅनेजरचं नाव पेन्सिलीने लिहा. 2013 साली फर्ग्युसन निवृत्त झाले. त्यानंतर मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, रांग्निक, टेन हाग, आणि मग हे सोंगट्यावाले आमोरिम, तेही जानेवारी 2026 मध्ये गेले.

आमच्या स्टेडियमवर, ओल्ड ट्रॅफर्डला जायचा योग आला तर छत्री न्या. स्टँडमध्ये बसल्यावर उघडायला.

गुणतक्ता खालून वाचायची सवय लावा, नाव लवकर सापडतं. 2024-25 च्या सीझनला आम्ही पंधरावे होतो, 42 गुण. युरोपा लीगची फायनल तेवढी गाठली, आणि तीही बिलबाओला जाऊन टॉटनमच्या हाती दिली.

आता हिशोबाचं. हिशोब समजून घ्यायला जाऊ नका. मी गेलो, आणि तेव्हापासून ॲसिडिटी आहे. सोपं करून सांगतो. समजा तुमची सोसायटी आहे, शंभर वर्षं जुनी, एक रुपयाचं कर्ज नाही, सिंकिंग फंड भरलेला. एक दिवस परदेशातून एक कुटुंब येतं आणि म्हणतं, ही सोसायटी आम्ही विकत घेतो. पैसे? बरेचसे कर्जाने. कर्ज कुणाच्या डोक्यावर? सोसायटीच्याच. हप्ते कोण भरणार? तुम्ही, मेंटेनन्समधून. वर ते कुटुंब दर वर्षी लाभांश घेणार. लिफ्ट बंद, टाकी गळते, गच्चीवर गवत. विचारायला गेलात तर सांगतात की सोसायटीचा ब्रँड जगभर पोचलाय. ग्लेझर कुटुंबाने 2005 साली 79 कोटी पौंडांना क्लब घेतला तो असा. पुढे 2012 ला न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नेला, आणि तिथेही तजवीज अशी की पब्लिकच्या एका शेअरला एक मत आणि त्यांच्या एका शेअरला दहा. आमच्या सोसायटीत एवढं कुणी केलं असतं तर जनरल बॉडीत खुर्च्या उडाल्या असत्या!

मग 2024 च्या फेब्रुवारीत सर जिम रॅटक्लिफ आले. मँचेस्टरच्या परिसरातलेच, लहानपणापासून युनायटेडवाले, अब्जाधीश. पाव हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हातात घेतला. आपला माणूस! आम्ही ग्रुपवर ढोल बडवले. आपल्या माणसाने काय केलं? त्या जुलैत टेन हागचा करार वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्यालाच काढलं. महिनोन्‌महिने पाठपुरावा करून, पैसे मोजून डॅन ॲशवर्थला स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणलं, पाच महिन्यांत घरी पाठवलं. दोघांना घालवायचा खर्च एक कोटी पंचेचाळीस लाख पौंड. आणि मग लक्षात आलं की अरेच्चा, पैसे कमी पडतायत! म्हणून कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद. त्याऐवजी फळं ठेवली. आधी अडीचशे माणसं काढली, मग आणखी दोनशेपर्यंत काढायचं जाहीर केलं. यातल्या कुणी पेनल्टी बाहेर मारली होती? तिकीट खिडकीवरच्या बाईने डिफेन्समध्ये जागा सोडली होती? सीझन निम्म्यात असताना उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड केला, पोरांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना नाही. आणि आता म्हणे एक लाख लोकांचं नवं स्टेडियम बांधणार, तीन उंच खांब आणि वरून मांडव. अहो, आधी जुन्याचं छप्पर गळतंय ते बघा. कँटीनमधल्या डाळभाताचे पैसे वाचवून मांडव घालणारा यजमान आमच्याकडे अजून जन्माला यायचाय.

माफ करा, सूचना द्यायच्या होत्या.

जर्सी दर वर्षी नवी घ्या. तीन असतात, तिन्ही घ्या.

दोष कुणाला द्यायचा हेही शिकून घ्या. गोलकीपरला द्या. तो सापडला नाही तर ज्याला काल घेतला त्या पोराला, त्याच्या इन्स्टाग्रामवर जाऊन, आईवरून. ग्लेझर भावंडं सहा आहेत. किती जणांची नावं येतात तुम्हाला? गोलकीपर ओनानाच्या चुका तारीखवार पाठ आहेत, आणि ज्यांनी वीस वर्षं तिजोरी उपसली त्यांची नावं माहीत नाहीत. लाज वाटायला हवी. मलाही नव्हती माहीत, मी शोधून काढली.

मँचेस्टरच्या लोकांनी निदान काही केलं. 2005 ला काही जण उठून गेले आणि स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, चाहत्यांच्याच मालकीचा. 2010 ला हजारोंनी लाल मफलर टाकून हिरवे-सोनेरी घातले, क्लबचं नाव न्यूटन हीथ होतं तेव्हाचे रंग. 2021 च्या मे महिन्यात लोक थेट मैदानात घुसले, लिव्हरपूलचा सामना पुढे ढकलावा लागला. आपण काय केलं? मीम टाकली. आणि "पुढच्या सीझनला बघा". बारा वर्षं पुढचा सीझन बघतोय आपण! जगभर आपले चाहते किती, हे दाखवूनच मालक प्रायोजक आणतात. त्या आकड्यात तुम्ही आहात, मी आहे, माझी ती विझलेली समई आहे. आपण सोडून जाणार नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे, तेच त्यांचं तारण, आणि ते आपण फुकट लिहून दिलंय. हरल्याचा राग नाही हो मला. ग्रिम्सबीची पोरं जीव तोडून खेळली, त्यांना माझा नमस्कार. राग आहे तो गृहीत धरल्याचा.

ग्रिम्सबीनंतरच्या शनिवारी बर्नलीशी सामना होता. विसर्जन होऊन दोन दिवस झालेले, नाही बघणार म्हणून घरात जाहीर केलेलं. 97व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, आमच्या ब्रुनोने मारली, 3-2. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "वी आर बॅक". त्याखाली अकरा बदाम होते, आणि त्यातला तिसरा माझा.