अंगठा लावला की शिस्त आली?

गोव्यातल्या फर्मागुढीच्या आमच्या इंजिनिअरिंग बॅचच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. पर्वरीत सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या वर्गमित्राने डेव्हलपर्सना पुन्हा हजेरीचा अंगठा लावायला लावला, वर त्यांच्या स्क्रीनचे फोटो काढणारं सॉफ्टवेअर बसवलं. गोंयकार सुशेगाद, लगाम हवाच, म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, कल्पक माणसाला बांधू नये, मोरजीच्या किनाऱ्यावर बसूनही कोड लिहिता येतो. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तास कामाचा विषय काढला तेव्हापासून हे रडगाणं चालूच आहे.

मला राग दोघांचाही येतो. इथे म्युनिकमध्ये असलं सॉफ्टवेअर बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती, बसवूच देणार नाही. आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत ११ तासांची विश्रांती कायद्यानेच. पण म्हणून कुणी मोकाट नाही. माझी चार ओळींची दुरुस्तीसुद्धा दुसऱ्याने वाचून मान्य केल्याशिवाय, सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, झाल्याशिवाय पुढे जात नाही. टीम लीडचीही नाही. पहारा कोडवर असतो, माणसावर नाही. म्हणून तर काल लागलेला पोरगाही बिनधास्त वेडा प्रयोग करतो, बिघडलं तर जुनी आवृत्ती लगेच परत आणता येते. शुक्रवारी रात्री ग्राहकाच्या सर्व्हरमध्ये थेट हात घालणाऱ्या टीमला कुठली आलीय कल्पकता?

आणि हे गोव्याला मी सांगावं? जत्रेच्या नाटकाच्या तालमीत एंट्री चुकली तर दिग्दर्शक चारचौघांत झापतो. तोच नट प्रयोगाच्या रात्री पंचायतीवर ताजी कोटी करून मांडव हसवतो. तालमीला अंगठा कुणी लावला होता?

हे ग्रुपवर टाकलं, तर पर्वरीवाल्याचं उत्तर आलं: "तुमचा बर्लिनचा विमानतळ २०११ला उघडायचा होता, उघडला २०२०ला. शिस्त म्हणे!" ते बांधकाम होतं, सॉफ्टवेअर नव्हे, असं मी ठणकावलं. (धूर बाहेर काढणारी स्वयंचलित यंत्रणाच त्यात नडली होती, हे नाही सांगितलं.) मग तो म्हणाला, "तिथून शिकवू नको रे. गणेशचवथीला ये, माझ्या टीमसमोर बोल."

इथे मी टीमचा नियमवाला. दुसऱ्यांचा कोड तपासायचे रिव्ह्यू माझ्याकडे हटकून येतात, पण नवं काय करायचं ते दुपारी कँटीनमध्ये ठरतं आणि मला नंतर कामाच्या नोंदीत वाचायला मिळतं. कॉलेजात लॅबमधली वीज गेली की पुढे काय बनवायचं यावर ज्याच्याशी घसा बसेपर्यंत भांडायचो, तो हाच पर्वरीवाला. इथे माझ्याशी एवढं कुणी भांडत नाही. रात्री एक वाजेपर्यंत ग्रुपवर बसतो ते काही मूर्तींसाठी नव्हे.

चवथीची विमानाची तिकिटं बघतोय. आधी कोड रिव्ह्यू सुरू कर, मग येतो, असं त्याला कळवलंय.