‘सगळं स्वीकारा’ हे बटण दाबू नका

महाराष्ट्रात प्रबंध सादर करायची वेळ आली की बोलणं एकाच आकड्यावर येतं: दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य किती टक्के निघालं? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, 10 ते 40 असेल तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं आणि 60च्या वर गेलं तर नोंदणी रद्द होते. नियम वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आहे, पण त्या आकड्याच्या धास्तीने वाक्यं फिरवून देणारी साधनं सर्रास वापरली जातात. मग इंग्रजी व्याकरणाची चूक दाखवणारं साधनही त्यांच्याच पंक्तीत बसवलं जातं आणि वाद सुरू होतो: ग्रामरलीसारख्या साधनांना परवानगी द्यायची की बंदी घालायची?

ब्रिटनमध्ये रेषा दुसरीकडे ओढतात. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत माणसाकडून मुद्रितं तपासून घेतानाही चूक दाखवलेली चालते, वाक्य नव्याने लिहून दिलेलं चालत नाही. हीच कसोटी यंत्राला लावावी असं मला ठामपणे वाटतं. साधनाने शब्दाखाली रेघ ओढली तर विद्यार्थी थांबून विचार करतो. तयार वाक्य हातात दिलं की तो फक्त ‘सगळं स्वीकारा’वर टिचकी मारतो, आणि पुढच्या प्रकरणात तीच चूक पुन्हा करतो.

मराठी विद्यार्थ्याला सर्वांत जास्त छळतात ती इंग्रजीतली उपपदं, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे ‘द’ कुठे लावायचा हे कानाला कळत नाही. यंत्रालाही ते नेहमी कळत नाही. ‘व्हिलेजेस’ आणि ‘द व्हिलेजेस’ दोन्ही व्याकरणात बसतात. अभ्यासासाठी निवडलेली 12 गावं म्हणायची आहेत की एकूणच गावं, हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत असतं. याउलट ‘डिस्कस्ड अबाउट’, ‘रिसर्चेस’, ‘इक्विपमेंट्स’, ‘सिन्स थ्री इयर्स’ या आपल्याकडच्या ठरावीक चुका ही साधनं बहुधा पकडतात. तिथे त्यांचं जरूर ऐकावं.

खरा धोका वाक्य ‘आटोपशीर’ करण्याच्या सूचनांत आहे. ‘मे’ किंवा ‘सजेस्ट’ काढून टाका असं साधन सुचवतं, आणि ‘असं असू शकतं’ हे ‘असंच आहे’ होऊन बसतं. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो. संख्याशास्त्रातला ‘सिग्निफिकंट’ (निव्वळ योगायोगाचा नसावा असा) बदलून ‘इम्पॉर्टंट’ केला की निष्कर्षच बदलतो. संशोधनपद्धतीच्या प्रकरणातल्या कर्मणी प्रयोगावर रेघ येते, पण अनेक विषयांत तिथे तोच रूढ आहे. अवतरणातला मजकूर तर कधीच ‘सुधारू’ नये, मूळ लेखकाची चूक असली तरी. आणि ‘बलुतेदार’, ‘वतन’ यांसारखे शब्द रोमन लिपीत लिहिले की यंत्र भलताच इंग्रजी शब्द सुचवतं. ते आधीच साधनाच्या शब्दकोशात घालून ठेवावेत.

क्रमही महत्त्वाचा. आधी मार्गदर्शकाशी बोलून प्रकरणाची मांडणी पक्की करा. जो परिच्छेद उद्या वगळायचा आहे त्याची उपपदं दुरुस्त करण्यात अर्थ नाही. कच्चा खर्डा आपोआप दुरुस्ती बंद ठेवून लिहा. मग ब्रिटिश की अमेरिकन इंग्रजी ते ठरवून एका वेळी 300–400 शब्द तपासा. प्रत्येक सूचनेसाठी वहीत तीन रकाने करा: माझं वाक्य, कोणता नियम, घेतली की नाकारली आणि का. दोन प्रकरणं झाली की त्याच त्या तीन-चार चुका डोळ्यांसमोर येतात. तिसऱ्या प्रकरणात साधन सुरू करण्याआधी तेवढ्याच स्वतः शोधा. वही कंटाळवाणी आहे, पण खरं शिकणं तिच्यातच होतं. मुलाखतींच्या नोंदी मात्र फुकटच्या संकेतस्थळावर चिकटवू नका. बोलणाऱ्यांनी संमती तुम्हाला दिलेली असते, त्या कंपनीला नव्हे.

परदेशातलं सगळंच अनुकरणीय आहे असं नाही. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या काही साधनांवर स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले 91 निबंध टाकले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. साधं, मर्यादित शब्दांचं इंग्रजी लिहिणाऱ्यावर असा संशय येणं अन्यायाचं आहे. म्हणून प्रत्येक खर्डा तारखेसह जपावा आणि फाइलचा बदल-इतिहास कधीही पुसू नये. ती वहीही पुरावा म्हणून कामी येते.

या साऱ्या वादात मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याचा विचार कुणी करत नाही, याचं वाईट वाटतं. मराठी शुद्धलेखन तपासणारी साधनं आहेत, पण ती प्रामुख्याने शब्दयादीवर चालतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही यादीत असतात, त्यामुळे ‘शिक्षक दीन’ लिहिलं तरी रेघ येत नाही. उलट ‘घरासमोरच्यांनाही’ हे बिनचूक रूप यादीत नसलं की लाल होतं. एका नामाला सामान्यरूप, विभक्ती, शब्दयोगी अव्यय आणि ‘ही’, ‘च’ जोडत गेलं की शेकडो रूपं होतात, ती यादीत मावत नाहीत. शुद्धलेखनाचे 1962चे 14 आणि 1972चे 4 नियम छापील आहेत, सर्वांना उपलब्ध आहेत. ते वाक्याचा संदर्भ पाहून लावणारं आणि कोणत्या नियमाने रेघ आली हे सांगणारं साधन आपल्या विद्यापीठांनी मिळून करायला घ्यावं. साम्य मोजण्यासाठी जशी व्यवस्था उभी राहिली, तशी यासाठीही राहू शकते.