वजन आपोआप उतरलं तर आनंद मानायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली, आणि दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असं काही वाटेना, म्हणून जरा ऐसपैस लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की डाएट नाही, व्यायाम नाही आणि तरी वजन उतरतंय तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर दादांचं म्हणणं असं, की तुम्ही लॅबवाले, लोकांना घाबरवलं की तुमच्या टेस्ट वाढतात. सगळं जग वजन कमी करायला धडपडतंय आणि एखाद्याचं फुकटात उतरलं तर तुम्ही त्याला थेट कॅन्सर दाखवता. माझंच बघा, वय ५८, काहीही न करता वर्षभरात ९१ वरून ८५ वर आलो, एकदम हलकं वाटतंय, रात्री तीनदा उठावं लागतं तेवढं सोडलं तर, आणि ते काय वयाचं आहे.

ते रात्री उठायचं मी शेवटी घेणार आहे, विसरले नाहीये.

आधी जे पटलं ते सांगून टाकते. कारणं लिहिताना मी कॅन्सर पहिल्या नंबरवर टाकला होता आणि तो तिथे असायचं काही कारण नव्हतं. थायरॉइड आहे, शुगर आहे, डिप्रेशन, आतड्यांचे आजार, टीबी, दातांच्या तक्रारी, चालू असलेल्या गोळ्या, भलीमोठी रांग आहे. कॅन्सर त्या रांगेत आहे, नाही असं नाही, पण एकटा उभा नाहीये. तो क्रम मी बदललाय.

टेस्टचा मुद्दाही निम्मा पटला. आमच्या नात्यातल्या एक काकू, वय ७३, सहा महिन्यांत ५२ वरून ४६ किलो. सगळं घर हादरलं. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, सीटी स्कॅन झाला, फाइल ही एवढी जाड, आणि सगळं नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी त्यांना कवळी काढून तोंड उघडायला सांगितलं तर खालच्या हिरडीवर चांगली नखाएवढी जखम. कवळी सैल झालेली, चावलं की घासायची, म्हणून काकू कित्येक महिने काहीतरी पातळसं गिळून वेळ मारून नेत होत्या, आणि बोलल्या का नाहीत तर म्हणे एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हाला कुठे त्रास द्यायचा. तेव्हा नुसत्या मशीनने सगळं कळतं असं मी कधीच म्हणणार नाही. आणि लॅबमध्ये १९ वर्षं काढलेली बाई म्हणून अजून एक सांगते, माझ्या धंद्याच्या विरोधात जाईल तरी: वजन उतरलं म्हणून घाबरून स्वतःच्या मनाने ट्यूमर मार्करचं, म्हणजे रक्तात कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या टेस्टचं, पॅकेज करायला येऊ नका. सीईए, सीए १२५, सीए १९-९ हे आकडे कॅन्सर नसतानाही वाढलेले येतात, सिगरेट ओढणाऱ्याचं सीईए वाढलेलं असू शकतं, पाळीच्या दिवसांत सीए १२५ वर जाऊ शकतं, आणि उलट कॅन्सर असूनही सगळं नॉर्मल येऊ शकतं. म्हणजे एक तर उगाच झोप उडते, नाहीतर उगाच निर्धास्त होता.

पण 'फुकटात उतरलं तर आनंद माना' हे मात्र नाही पटलं, आणि का नाही ते माझ्या भावावरून सांगते.

मोठा भाऊ, तेव्हा ४४ वर्षांचा, ८२ किलो. पाच महिन्यांत ७५ वर आला. पट्ट्याला घरीच खिळा तापवून नवीन भोक पाडलं, मग अजून एक पाडलं, आणि ते तो सगळ्यांना पोट आत ओढून कौतुकाने दाखवायचा. ऑफिसात लोक विचारायचे सीक्रेट काय, बहीण म्हणाली काय तरुण दिसतोयस, आणि मीही म्हणाले, मी, जी दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट बघते. गंमत म्हणजे तो जेवत होता पहिल्यापेक्षा दीडपट. एकदा मला फोनवर कसला तरी फोटो दाखवत होता आणि फोटो काही नीट दिसेना, तेव्हा लक्षात आलं की फोटो हलत नाहीये, याचा हात थरथरतोय. मनगट धरलं, नाडी मोजली, बसल्या जागी ११६. दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड जास्त चालला की हे खाली जातं) ०.०१ पेक्षा कमी, मी सॅम्पल परत लावलं तरी तेच. थायरॉइड सुसाट सुटलेला. गोळ्यांवर सगळं जागेवर आलं, आता तो ८१ किलोचा आहे आणि वजन वाढल्याची कुरकूर करतो. पण ते पाच महिने आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो हो. त्याच काळात त्याला ताप येत असता तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पाठवला असता. वजनाचं हेच आहे, हे एकच लक्षण असं की दुखणं आलं तरी लोक अभिनंदन करतात, म्हणून ते अंगावर काढलं जातं.

बरं, किती उतरलं म्हणजे उतरलं? डॉक्टर लोक साधारण ६ ते १२ महिन्यांत शरीराच्या वजनाच्या ५ टक्के किंवा जास्त, आणि तेही प्रयत्न न करता, असं धरतात. ६० किलोच्या माणसाला ३ किलो, ८० च्या माणसाला ४. रोजचं अर्धा-एक किलो वरखाली होतं ते पाण्याचं, त्याचा बाऊ करू नका. आणि काटा तोच पाहिजे, वेळ तीच पाहिजे, सकाळी पोट साफ झाल्यावर साधारण तेवढ्याच कपड्यांत, नाहीतर घरचा काटा वेगळा, दवाखान्यातला वेगळा आणि मध्ये बूट घातलेले, असल्या हिशोबावर कोण विश्वास ठेवणार. काटा नसेल तर अंगावरच्या वस्तू बघा, अंगठीला दोरा गुंडाळायची वेळ आली का, घड्याळाचा पट्टा एक घर आत गेला का, जुन्या फोटोत गाल कसे होते. उलट काही वेळा काटा फसवतोसुद्धा: हृदयाचा, लिव्हरचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर पायावर आणि पोटात पाणी साठतं आणि आतून माणूस झिजत असताना काटा तिथल्या तिथेच राहतो. दंड बारीक आणि पाय सुजलेले असं दिसलं तर आकड्यावर जाऊ नका. आणि म्हातारपणी वजन उतरायचंच असं जे आपण म्हणून टाकतो ते तितकंसं खरं नाही, साठीनंतर होणारी नैसर्गिक घट वर्षाला शंभर-दोनशे ग्रॅमच्या घरात असते, चार-पाच किलो नाही. मुळातच किडकिडीत असलेल्या म्हाताऱ्या माणसाने ५ टक्क्यांची वाट बघायचीही गरज नाही.

डॉक्टरकडे जायच्या आधी घरी बसून एक विचार करा, भुकेचं काय झालंय? भूक शाबूत किंवा वाढलेली आणि तरी वजन खाली, तर बहुतेक थायरॉइड, शुगर नाहीतर खाल्लेलं अंगी न लागण्याचा आजार, आणि या शेवटच्या आजारात शौचाला पातळ, तेलकट, पाण्यावर तरंगणारं होतं. भूकच मेली असेल तर रांग लांबते. त्यात मनाचं दुखणं लोक सगळ्यात शेवटी धरतात, खरं तर डिप्रेशन फार मोठं कारण आहे, जोडीदार गेल्यावर एकट्याने ताटावर बसवत नाही, किंवा विसरभोळेपणा वाढलेला माणूस जेवलोय असं समजून जेवतच नाही. गोळ्यांचंही बघा, शुगरसाठी देतात ते मेटफॉर्मिन, मायग्रेनसाठी देतात ते टोपिरामेट, थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झालेला, यांनी वजन उतरू शकतं, पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि टीबी. आपल्या भाषेत त्याला क्षय म्हणतात आणि क्षय म्हणजे झिजणं, १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने त्याचा जंतू शोधून काढला त्याच्या कितीतरी आधी लोकांनी या आजाराला नाव दिलं ते माणूस वाळत जातो यावरून. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी कणकण, रात्री कपडे भिजतील असा घाम, आणि वजन खाली, असं असेल तर वाट बघण्यासारखं काही उरत नाही.

घास अडकतोय, डोळे पिवळे दिसतायत, मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ आहे, शौचाच्या सवयी बदलल्यात, त्यात रक्त दिसतंय, यातलं काही वजनाच्या जोडीला असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. नुसतंच वजन उतरलंय, बाकी काही नाही, तरी एक-दोन आठवड्यांत जा, वर्षभर नको. आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, कधी धावायचं: रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं काळं शौच, पाणीसुद्धा गिळता येईना, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय, किंवा वजन भराभर उतरतंय, तहान भागत नाही, लघवी थांबत नाही आणि त्यात उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात खोल श्वास, गुंगी. हे शेवटचं लहान मुलांत आणि तरुणांत डायबिटीसची पहिली खूणच असू शकते आणि तिथे तासांचा हिशोब असतो. लहान मुलांचं तर गणितच वेगळं, वाढत्या मुलाचं वजन नुसतं थांबलं तरी दाखवायचं.

तपासण्या सुरुवातीला फार लागत नाहीत. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर किंवा सीआरपी (अंगात कुठे दाह आहे का ते कळायला), शुगर, टीएसएच, किडनी आणि लिव्हर, कॅल्शियम, लघवी, छातीचा एक्स-रे, बऱ्याचदा एचआयव्ही, आणि पुढचं काय ते यात जे सापडेल त्यावरून. इथे जाता जाता माझ्या टेबलावरची एक गोष्ट: वजनाबरोबर केस गळतात म्हणून लोक बायोटिनच्या गोळ्या सुरू करतात, आणि बायोटिनने काही मशीनवर टीएसएच खोटा कमी येतो, म्हणजे थायरॉइड वाढलाय असा रिपोर्ट हातात आणि थायरॉइड बिचारा ठीकठाक. रक्त देताना सांगत जा, दोन-तीन दिवस गोळी थांबवून सॅम्पल देता येतं. आणि हो, सगळं करूनही साधारण चारातल्या एकाचं कारण सापडतच नाही. तेव्हा डॉक्टर वजनावर लक्ष ठेवून तीन ते सहा महिन्यांनी परत बोलावतात, आणि पहिल्या फेरीत नीट तपासून काही सापडलेलं नसेल तर अशा बऱ्याच लोकांचं पुढे ठीक असतं. हे मी मागे लिहिलंच नव्हतं, लिहायला हवं होतं.

आता तुमच्याकडे येते दादा. ९१ वरून ८५ म्हणजे साडेसहा टक्के, म्हणजे रेघ ओलांडलीय. पण लगेच आजारी ठरवत नाहीये तुम्हाला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, सहा किलोच्या झाल्या ४६,००० च्या आसपास, वर्षावर वाटल्या तर दिवसाला जेमतेम १२६. एवढा फरक रात्रीचं जेवण थोडं कमी झालं, कामाची जागा बदलली, दोन जिने जास्त चढावे लागले तरी पडतो, आणि तो आपल्या लक्षातही येत नाही. तेव्हा नीट आठवून बघा की वर्षात काय बदललं. पण खरंच काही बदललं नसेल तर त्या १२६ कॅलरी रोज कुठेतरी जातायत. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की रात्री तीनदा उठावं लागतं.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनी ती धरून ठेवू शकत नाही, ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते, म्हणून रात्री उठावं लागतं, म्हणून तहान लागते. एक ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरी, तर १२६ कॅलरी म्हणजे रोज तीसेक ग्रॅम, आणि लघवीवाटे तेवढी जाणं काही अवघड नाही. प्राचीन ग्रीक वैद्य अ‍ॅरेटियसने डायबिटीसमध्ये मांस वितळून लघवीवाटे जातं असं लिहून ठेवलंय, बिचाऱ्याकडे ना लॅब ना मशीन. तुमचं हेच आहे असं मी म्हणत नाही, प्रोस्टेट असेल, बीपीची गोळी संध्याकाळी घेत असाल, झोपताना तांब्याभर पाणी पीत असाल. पण उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) एवढ्या दोनच करून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त (हाही १२६ च, योगायोग बघा) किंवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आला तर परत एकदा तपासून डॉक्टर ठरवतील. आणि शुगर निघालीच तर सहा किलोचं त्यांना आवर्जून सांगा, नुसती गोळी लिहून घेऊन परत येऊ नका, कारण पन्नाशीनंतर नव्याने शुगर आणि सोबत घटतं वजन असेल तर ते पॅन्क्रियासही (स्वादुपिंड, इन्सुलिन जिथे बनतं ते) बघायला सांगू शकतात. नॉर्मल आली तरी वजनाचा आणि रात्री उठण्याचा प्रश्न तिथेच आहे, त्यासाठी एकदा दाखवाच.

टेस्ट आमच्या लॅबमध्ये करू नका, मुद्दाम दुसरीकडे करा, म्हणजे मी गिऱ्हाईक ओढलं असं मनात राहायला नको. आणि सगळं ठणठणीत निघालं तर इथे परत येऊन मला खुशाल चार शब्द सुनवा, कमेंट उडवणार नाही.